कितला उतार शे भो? खान्देशातून पोरांना स्कीइंगला नेणाऱ्यांना खुलं पत्र

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यातून दर हिवाळ्यात पोरांना बर्फात नेणारे टूरवाले, ट्रेकिंग ग्रुपवाले आणि कॉलेजच्या सहली काढणारे सर, तुम्हा सगळ्यांना राम राम.

मी चाळीसगावचा. पाणलोटाच्या कामांवर लेव्हल घेतो, म्हणजे टेकडीवर सलग समतल चर मारायचे असले, शेततळं खोदायचं असलं, बांध घालायचा असला की आधी उतार मोजून आखणी करून द्यायची, गेली पंधरा-सोळा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे कोणी "थोडासाच उतार आहे" म्हणालं की मी तिथेच अडून बसतो, थोडासा म्हणजे किती ते सांगा. शेतकरी पण मला तेच विचारतो. चर आखताना अंदाज चुकला तर पहिल्याच पावसात पाणी चर फोडून खाली जातं आणि वर्षभराची मेहनत वाहून जाते, म्हणून डोळ्यांनी बघून आकडा सांगायचा नाही हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आपल्याच भागातल्या एका ग्रुपबरोबर मी आणि माझा भाचा हिमालयात स्कीइंगला गेलो होतो. ग्रुपचं नाव आणि ठिकाणाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे पत्र एकावर राग काढायला नाही, मी नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारलं आणि जवळपास सगळ्यांना असंच तोंडी सांगून नेलं होतं. भाचा अकरावीला, कबड्डी खेळणारा, अंगाने काटक. जाण्याआधी माझ्या बहिणीने फोन करून विचारलं होतं की नवशिक्यांना झेपेल ना, तर उत्तर आलं, "ताई, बिगिनर स्लोप आहे, एकदम सोपा, दहा-दहा वर्षांची पोरं करतात." पहिले दोन दिवस खरंच तसंच होतं, हॉटेलच्या खाली एक जवळपास सपाट पट्टा, पोरं पडत होती, हसत होती, स्की पुढून जवळ आणि मागून लांब अशी नांगरासारखी करून थांबायला शिकत होती. तिसऱ्या दिवशी सांगितलं की आज वरून खाली यायचं, लांब आहे पण हा पण सोपाच, थोडासाच ढाळ आहे. वरून निघाले तेव्हा छान चाललं होतं. निम्म्याच्या थोडं पुढे एक वळण आहे आणि वळणाच्या पलीकडे उतार एकदम खाली जातो, वरून तो दिसत नाही. भाच्याने शिकवल्याप्रमाणे नांगर केला, स्पीड कमी होईना, त्याने अजून जोर लावला, डावी स्की आत अडकली, पाय तिथेच राहिला आणि अंग फिरलं. मी मागून येत होतो, मला त्याचा आवाज आधी ऐकू आला आणि मग तो दिसला.

गुडघ्याचं लिगामेंट. चार महिने घरात, जिल्हा पातळीची कबड्डी गेली, आणि अजूनही तो जिना उतरताना कठडा धरतो.

त्या रात्री घरी फोन केला तर माझी आई फोनवर आली. आईने आयुष्यभर शेतात काम केलंय, बर्फ तिने फक्त टीव्हीवर बघितलेला. तिने आधी पोराची चौकशी केली आणि मग विचारलं, "कितला उतार व्हता रे भो?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रोज उतार मोजणारा माणूस, पोराला घेऊन तिथे गेलो आणि मी पण विचारलं नाही की किती उतार आहे. ती चूक माझी आहे आणि ती मी मान्य करूनच पुढचं लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी एकटा त्या जागेवर चालत गेलो. बर्फ रात्रभर गोठून टणक झालेला, बुटाची टाच मारली की ठक वाजत होतं. जवळ यंत्र काहीच नव्हतं पण स्कीच्या दोन काठ्या होत्या, ११५ सेंटीमीटरच्या, आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली. एक काठी बर्फात उभी रोवली, मफलरचा एक धागा काढून त्याला खोलीची किल्ली बांधली आणि गवंडी ओळंबा धरतो तसा धरून ती काठी सरळ केली. दुसरी काठी आडवी, तिचं एक टोक वरच्या बाजूला बर्फाला टेकलेलं आणि दुसरं टोक उभ्या काठीला लावलेलं, आणि तिच्यावर बाटली आडवी ठेवून पाणी समतल होईपर्यंत टोक वर-खाली केलं. मग आडवी काठी उभ्या काठीला जिथे लागते तिथून खाली बर्फापर्यंत किती ते टेपने मोजलं (टेप माझ्या खिशात असतोच). ५२ सेंटीमीटर. ५२ भागिले ११५ म्हणजे ०.४५. याचा कोन २४ डिग्री. बोटं बधिर झाली होती तरी त्याच पट्ट्यात पाच ठिकाणी मोजलं, २२ च्या खाली एकही आलं नाही. हा तुकडा साधारण चाळीस मीटरचा होता.

मग मी पूर्ण स्लोपचा हिशोब केला. खाली-वरच्या पाट्यांवर उंची लिहिलेली होती, फरक १०५ मीटर, लांबी तिथले लोक ६०० मीटर सांगत होते. म्हणजे सरासरी १० डिग्री. सरासरी बघितली तर ग्रुपवाला खोटं बोलत नव्हता, दहा डिग्री खरोखर सोपा उतार आहे. पण पोरगं सरासरीवर पडलं नाही, ते त्या चाळीस मीटरमध्ये पडलं.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. सरासरी काहीच सांगत नाही. आमच्याकडे पण असंच होतं, नाल्याचा सरासरी उतार काढून बंधारा घातला आणि मध्ये एखादी एकदम उभी पायरी निघाली की सगळं गणित फसतं. यावर स्कीइंगच्या जगातलंच उदाहरण घ्या. ऑस्ट्रियात किट्सब्यूल नावाच्या गावी दर जानेवारीत हानेनकामची शर्यत होते, ज्या उतारावर होते त्याचं नाव श्ट्राइफ, आणि जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतींमध्ये तो धरला जातो. त्याची लांबी ३,३१२ मीटर आणि वरून खालपर्यंत उंचीचा फरक ८६० मीटर. गणित केलं तर सरासरी २७ टक्के, म्हणजे १५ डिग्री. नुसता हा आकडा ऐकला तर कोणी पण म्हणेल की मध्यमच आहे की, पोरांना नेऊ या. पण त्यात सुरुवातीलाच माउसेफाले म्हणून एक तुकडा आहे, त्या शब्दाचा अर्थच उंदराचा सापळा, आणि तिथला उतार ८५ टक्के, म्हणजे ४० डिग्री. जगातले पट्टीचे खेळाडू तिथून हवेत उडून खाली जातात. सरासरी १५ आणि कमाल ४०, दोन्ही आकडे एकाच उताराचे आणि दोन्ही खरे. तुम्ही पालकांना यातला कोणता सांगणार?

आता टक्के आणि डिग्री यांचा घोळ, कारण यात पण माणूस फसतो. टक्के म्हणजे आडवं १०० मीटर गेल्यावर किती मीटर खाली. डिग्री म्हणजे कोन. १०० टक्के म्हणजे सरळ उभी भिंत नाही, १०० टक्के म्हणजे ४५ डिग्री, आमच्या भाषेत एकास एक. एका टूरच्या माहितीपत्रकात मी वाचलं, "४० चा स्लोप". ४० काय? ४० टक्के असेल तर तो २२ डिग्री झाला आणि ४० डिग्री असेल तर तो ८४ टक्के झाला, पहिला अवघड आहे आणि दुसऱ्यावर नवशिक्या उभा पण राहू शकत नाही. एक शब्द पुढे लिहायला काय जातं. आणि अजून एक, काही जण उंचीचा फरक आडव्या अंतराने भागायच्या ऐवजी उतारावरच्या लांबीने भागतात. दहा-बारा डिग्रीपर्यंत त्याने फार फरक पडत नाही, पण ३५ डिग्रीवर गेलं की ७० टक्क्याच्या जागी ५७ येतात आणि उतार कागदावर उगाच सौम्य दिसायला लागतो.

आपल्या माणसाला हे आकडे लागावे म्हणून आपल्याच ओळखीच्या जागा घेतो. मुंबईहून घरी येताना कसाऱ्याला गाडीला मागून जास्तीचं इंजिन लावतात, आपण सगळ्यांनी खिडकीतून बघितलेलं आहे, तो घाट १ ला ३७ चा आहे. म्हणजे २.७ टक्के, दीड डिग्री. दीड डिग्रीसाठी जास्तीची इंजिनं लागतात. डोंगरातला मोटरचा रस्ता आखताना साधारण १ ला २० धरतात, ५ टक्के, म्हणजे ३ डिग्री पण पूर्ण नाही, आणि तेवढ्या चढाला भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत जातो. आता घरातला जिना घ्या. माझ्या घरी पायरी सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद आहे, म्हणजे ६० टक्के, ३१ डिग्री. शेततळ्याची बाजू दीडास एक (आडवं दीड, उभं एक) ठेवली तर ३३-३४ डिग्री आणि एकास एक ठेवली तर ४५. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरून माणूस आत गेला की त्याला वर येता येत नाही, हे खान्देशात कोणाला सांगायला नको, किती घरं त्याने उजाड झाली, म्हणून तर आपण काठावर दोर आणि टायर बांधायला सांगतो. गोठलेला बर्फ पण असाच गुळगुळीत असतो. ऑस्ट्रियातच मायरहोफेनला हाराकिरी नावाचा उतार आहे, मशीनने बर्फ दाबून तयार केलेला, तो ७८ टक्के, म्हणजे ३८ डिग्री. दीडास एकच्या शेततळ्यापेक्षा उभा.

ओढीचा हिशोब पण करून बघा. उतारावर वजनाचा किती हिस्सा माणसाला खाली ओढतो हे कोनावर ठरतं. ३० डिग्रीला बरोबर निम्मं. माझा भाचा ५५ किलोचा. १० डिग्रीवर त्याला साडेनऊ किलोची ओढ होती, तेवढी त्याला थांबवता येत होती. वळणाच्या पलीकडे ती एकदम २२ किलोवर गेली. युरियाची अर्धी गोणी. जे थांबायला शिकवलं होतं ते साडेनऊ किलोपर्यंतच पुरणारं होतं.

तुम्ही म्हणाल स्लोपला कलर असतात, आम्ही कलर सांगतो. कलरचं ऐका मग. ऑस्ट्रिया-जर्मनीकडे निळा म्हणजे सोपा, तिथे नियम असा की निळा २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, लाल ४० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर काळा, मध्ये एखादा छोटा तुकडा सोडून. डिग्रीत सांगायचं तर १४ पर्यंत निळा आणि २२ पर्यंत लाल. अमेरिकेत लाल नाहीच, तिथे हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम आणि पत्त्यातल्या चौकटसारखी काळी खूण म्हणजे अवघड, त्याच्या वर दोन काळ्या चौकटी. म्हणजे ऑस्ट्रियातला निळा सोपा आणि अमेरिकेतला निळा मध्यम. जपानमध्ये हिरवा, लाल, काळा. आणि अमेरिकेत तर प्रत्येक ठिकाण आपापल्या डोंगरातले उतार एकमेकांशी तुलना करून कलर देतं, त्यामुळे एका ठिकाणचा काळा दुसऱ्या ठिकाणी निळा निघू शकतो, ते लपवत पण नाहीत, स्पष्ट सांगतात. अशात तुम्ही व्हॉट्सअपवर "ब्लू स्लोप आहे" असं टाकलं तर पालकाने त्यातून काय समजायचं? मी मोजलेला चाळीस मीटरचा तुकडा ४५ टक्के होता. ऑस्ट्रियाच्या मापाने तो तुकडा काळ्यात जातो, आणि आपल्या पोरांना तिसऱ्या दिवशी तिथून उतरवलं.

"अहो आम्ही दहा वर्षं जातोय, आम्हाला बघूनच कळतं", हे पण मी ऐकलं. तुमच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही, पोराला उचलून खाली आणणारे पण तुमच्यातलेच होते, ते मी विसरणार नाही. पण उताराच्या बाबतीत डोळा धोका देतो, सगळ्यांचाच. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या लोकांनी १९९५ मध्ये यावर अभ्यास छापला, लोकांना टेकड्यांच्या समोर उभं करून कोन विचारले, तर ५ डिग्रीच्या टेकडीला लोक २० च्या आसपास सांगत होते आणि १० च्या टेकडीला ३०. उभा उतार वरून बघितला की अजूनच उभा वाटतो. म्हणजे नवशिक्याला प्रत्येकच उतार भयंकर वाटणार, तो १० डिग्रीला पण घाबरणार आणि २४ ला पण. आणि रोज जाणाऱ्याची भीती मेलेली असते, त्याला दोन्ही सारखेच सोपे. दोघांच्या डोळ्यांवर सोडून चालत नाही म्हणूनच मोजायचं.

मोजायला खर्च काही नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण खर्चाचं कारण पुढे येणार. मी वर सांगितलेल्या दोन काठ्या पुरतात. दोन्ही काठ्या सारख्या लांबीच्या घ्या. आडवी काठी उभ्या काठीच्या बरोबर टोकाला लागली तर ४५ डिग्री, निम्म्यावर लागली तर २७, निम्म्याच्या थोडं वर, शंभरात अठ्ठावन्नावर लागली तर ३०, आणि पावावर लागली तर १४, म्हणजे ऑस्ट्रियातल्या निळ्याची हद्द. उभ्या काठीवर या चार जागी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली तर गणित पण करावं लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट यातून पण छान यंत्र होतं, आठवीतलं पोरगं बनवून देईल. मोबाईलमध्ये कोन दाखवणारं अॅप असतं ते पण चालतं, फक्त मोबाईल नुसता बर्फावर ठेवू नका, स्की उतारावर आडवी टाकून तिच्यावर ठेवा म्हणजे छोटा खळगा आकडा बिघडवणार नाही, आणि आधी घरी तिरक्या टेकवलेल्या फळीवर ठेवून बघा, मग तोच मोबाईल उलट दिशेने फिरवून त्याच जागी ठेवा, दोन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे, नाही आला तर दोन्हीची सरासरी खरी. लेव्हल घेणारा प्रत्येक माणूस असं करतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून काठ्या बऱ्या.

एक जागा चुकायची असते ती सांगतो. मोजायचं ते पाण्याच्या वाटेवर. म्हणजे त्या जागी तांब्याभर पाणी ओतलं तर ते जिकडे धावेल त्या दिशेला. बर्फावर पाणी ओतता येत नाही, तर बर्फाचा गोळा करून सोडा, तो जातो ती दिशा. तिरकं मोजलं तर उतार कमीच येणार, बैलगाडी बांध चढताना आपण तिरकी घेतो ते याच्यासाठीच, घाटाचा रस्ता नागमोडी असतो तो पण याच्यासाठीच. शिकलेला माणूस स्कीवर तिरका जाऊन अवघड उतार सोपा करून घेतो, पण पडलेला माणूस तिरका घसरत नाही, तो पाण्याच्या वाटेनेच जातो.

नकाशावरून काढू म्हणाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशात उंचीच्या दर २० मीटरला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) असते आणि कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दोन रेषा एक मिलिमीटरवर आल्या तर ४० टक्के, २२ डिग्री. पूर्ण डोंगराचा अंदाज घ्यायला हे उत्तम आहे आणि जाण्याआधी घरी बसून करावंच. पण दोन रेषांच्या मध्ये दहा मीटरचा कडा असला तर नकाशाला तो दिसत नाही. सॅटेलाइटच्या उंचीच्या डेटाचं पण तेच, त्यात साधारण ३० मीटरचा एक चौकोन धरला तर चौकोनाच्या आतलं सगळं गुळगुळीत होऊन जातं. त्या वळणाच्या पलीकडचा उतार मी घरी आल्यावर कॉम्प्युटरवर बघितला, तिथे तो दिसतच नाही, सलग एकसारखा ढाळ दिसतो. पायाने जाऊन मोजण्याला पर्याय नाही.

उंचीचे आकडे सांगून पण काही कळत नाही बरं का. औलीला वर ३,०५० मीटर आणि खाली २,५०० मीटर असं सगळेच सांगतात, गुलमर्गला गोंडोला (रोपवे) जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो असं अभिमानाने सांगतात, आणि आहेच ते अभिमानाचं. पण उंची म्हणजे उतार नाही. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगराच्या बाजूने वरच्या टप्प्यावरून उतरायचं असेल तर तो प्रश्न पोराच्या गुडघ्यापुरता पण राहत नाही, कारण ३० ते ४५ डिग्रीचे जे उतार असतात त्यांच्यावरूनच बहुतेक हिमस्खलनं सुटतात, ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त. तिथे डिग्री माहीत नसणं म्हणजे विहिरीची खोली माहीत नसताना उडी मारणं. नवशिक्यांना त्या वाटेवर नेऊच नका, एवढंच म्हणतो.

मला माहीत आहे की नुसता उतार म्हणजे सगळं नाही. पट्टा किती रुंद आहे, बर्फ मऊ आहे की गोठलेला, कडेला झाडं आहेत की जाळी, खाली थांबायला सपाट जागा आहे का, हे सगळं बघावं लागतं. तोच १५ डिग्रीचा उतार दुपारी पिठासारखा आणि सकाळी काचेसारखा असतो. पण बर्फ रोज बदलतो, डोंगर बदलत नाही. जे बदलत नाही ते तरी मोजून कागदावर घ्या.

माझी मागणी एवढीच आहे. ज्या स्लोपवर पोरांना नेणार तिथले तीन आकडे टूरच्या माहितीत लिहा. लांबी किती, उंचीचा फरक किती, आणि सगळ्यात उभा तुकडा किती डिग्रीचा. तुकडा किती लांबीचा धरायचा हे पण सगळ्यांनी एकच ठरवू या, नाहीतर एक जण पाच मीटरचा उंचवटा मोजेल आणि दुसरा दोनशे मीटरची सरासरी सांगेल आणि तुलनाच होणार नाही. माझ्या मते ३० मीटर धरावे. त्यापेक्षा छोट्या उंचवट्यावरून पोरगं घसरलं तरी सहसा लवकर सावरतं, आणि त्यापेक्षा लांब धरलं तर वळणापलीकडचे तुकडे परत सरासरीत गडप होतात. कोणी यापेक्षा चांगलं सुचवलं तर मी ऐकायला तयार आहे. आणि कशाने मोजलं, कोणत्या महिन्यात मोजलं तेवढं खाली एका ओळीत टाका. पहिल्यांदा येणाऱ्या पोराला पहिल्या तीन दिवसात १२ डिग्रीच्या वर न्यायचं नाही, असं मला वाटतं, पण तो आकडा तिथल्या इन्स्ट्रक्टर लोकांबरोबर बसून ठरवा, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

आकडे छापले तर लोक घाबरतील आणि बुकिंग कमी होतील, असं मला एका दादांनी तोंडावर सांगितलं. दादा, दीपावलीत आपले लोक अस्तंब्याची यात्रा करतात, रात्रभर सातपुड्यातली चढण चढून जातात, कोणी घाबरून घरी राहत नाही. माणूस अवघडाला घाबरत नाही, तयारी करून जातो. आपला ट्रॅक्टरवाला पण अनोळखी बांधावर ट्रॅक्टर घालायच्या आधी खाली उतरून एकदा चालून बघतो. माझ्या बहिणीला "सगळ्यात उभा तुकडा २४ डिग्री, चाळीस मीटर, वळणानंतर" एवढं कळलं असतं तरी तिने पोराला पाठवलंच असतं, फक्त त्याला सांगितलं असतं की वळणाआधी थांब आणि स्की काढून तेवढं पायी उतर. आई म्हणते तसं, "संभाळीसन जाय." पण संभाळायचं कुठे ते तरी माहीत पाहिजे ना.

डिसेंबरच्या आधी तुमच्यातल्या ज्यांना शिकायचं असेल त्यांनी मला निरोप द्यावा, पैसे-बिसे काही नको. चाळीसगावच्या बाहेर ज्या टेकडीवर आम्ही चर मारले तिथे मी चुन्याने ५, १०, १५, २० आणि २५ डिग्रीचे पट्टे आखून ठेवतो. तुमच्या पोरांना पण घेऊन या, प्रत्येक पट्ट्यावर त्यांना उभं करू, खाली तोंड करून, म्हणजे तिकडे गेल्यावर आकडा ऐकला की त्यांच्या पायाला आठवेल. भाचा पण येणार आहे. त्याला या हिवाळ्यात परत जायचंय, डॉक्टरांनी हो म्हटलं तर. बहिणीने अजून हो म्हटलेलं नाही, ती तुमच्या तीन आकड्यांची वाट बघतेय.

आपला,
चाळीसगावचा एक लेव्हल घेणारा